द्वारकाबाईंचा मध्यस्थ

एका गावात एक खाणावळ होती. गावाचं नाव बोरतळ, आणि ते होतं वाघदऱ्याच्या घाटाच्या अगदी पायथ्याशी. घाट चढणाऱ्याने चढण्याआधी टेकायचं आणि उतरणाऱ्याने उतरल्यावर हुश्श करायचं, ते हे ठिकाण. खाणावळ चालवत द्वारकाबाई घोलप. बाई तोंडाने फटकळ, पण हाताने सढळ. कुणाच्या ताटातली भाकरी संपली की न मागता दुसरी येऊन पडे, आणि "बास, बास" म्हणणाऱ्याला "गप जेव" एवढंच उत्तर मिळे.

घोलपांच्या घराण्याचं जुनं काम मात्र खाणावळीचं नव्हे. बैलगाड्यांच्या काळात लादलेली गाडी एका जोडीने घाट चढत नसे. म्हणून घोलप चढाचे बैल बाळगत. गाडी पायथ्याशी आली की पुढे आपली जोडी जुंपायची, गाडी माथ्यावर पोचवायची आणि बैल घेऊन परत यायचं, हा त्यांचा धंदा. कधी एखाद्या गाडीवानाचा बैल पायथ्यालाच बसकण मारी. मग त्याच्या उरलेल्या बैलाशेजारी घोलपांचा बैल उभा करावा लागे. एकाची मान जाड, दुसऱ्याची बारीक. एक उंच, एक बुटका. त्यासाठी घोलपांनी एक खास जू करून घेतलं होतं. त्याच्या दोन्ही टोकांना ओळीने भोकं होती. बैलाची मान बघायची आणि हव्या त्या भोकात शिवळ, म्हणजे मानेच्या बाजूची लाकडी खुंटी, घालायची. कुठल्याही गावचा बैल त्या जुवाखाली नीट उभा राही.

त्या घराण्याचे दोन नियम होते. पहिला, मान बघून शिवळ घालायची. दुसरा, नाड्याला नाडा बांधायचा नाही. नाडा म्हणजे पुढच्या जोडीपासून गाडीपर्यंत जाणारा जाड दोर. तो आखूड पडला की दुसरा दोर गाठ मारून जोडावा आणि वेळ मारून न्यावी, असा मोह होतोच. पण गाठ सपाटीवर टिकते आणि चढावर दगा देते. एक लादलेली गाडी दरीत गेलेली पाहून घोलपांना ही अक्कल आली होती. तेव्हापासून पुरेल एवढा अखंड नाडा असला तरच ते गाडी चढवत, नाहीतर गाडीवानाला मुक्काम करायला लावत.

पुढे बैल गेले, ट्रक आले. भाऊबंदांत वाटण्या झाल्या. रस्त्यापलीकडची ऐसपैस सपाट जागा द्वारकाबाईंचे चुलत दीर हैबतराव यांच्याकडे गेली. द्वारकाबाईंच्या यजमानांच्या वाट्याला खाणावळ आणि जांभळीखालचं अंगण आलं. जू कुणी मागितलंच नाही. ते खाणावळीच्या भिंतीवर लटकत राहिलं. यजमान वारले, तरी द्वारकाबाई दर पोळ्याला ते खाली उतरवत, तेल लावत आणि पुन्हा खिळ्यावर टांगत.

"बैल न्हाईत अन् जुवाला त्याल," असं म्हणून हैबतराव मोठ्याने हसत. त्यांना मोठ्याने हसायची सवयच होती.

मग विजेच्या गाड्या आल्या. घाट चढताना त्यांची बॅटरी भराभर उतरे, म्हणून पायथ्याशी चार्जिंगला थांबणं आलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मशीनं बसली. हैबतरावांकडे ओळीने मशीनं, वर झगमगीत छप्पर, छपराला निळे दिवे. द्वारकाबाईंकडे जांभळीखाली एकच मशीन, आणि त्याच्यावर पिकली जांभळं पडू नयेत म्हणून एक पत्रा.

आता विजेच्या गाड्यांची एक गंमत आहे. वीज सगळ्यांना एकच लागते, पण ती घ्यायची तोंडं निराळी. नव्या गाड्यांचं तोंड एक, जुन्या गाड्यांचं दुसरं. मशीनच्या केबलला पुढे जी गन असते, ती एका तोंडात खटकन बसते आणि दुसऱ्यात काही केल्या शिरत नाही. नव्या गाडीवाल्यांना याची फिकीर नव्हती. फिकीर होती माथ्यावरच्या वाड्यांना. तिथवर बस जात नसे. शहरात वापरून झालेल्या, जुन्या तोंडाच्या विजेच्या गाड्या घेऊन वाड्यांवरची माणसं टॅक्सी चालवत. बाजाराला जायचं तर ती टॅक्सी, अडलेल्या बाईला दवाखान्यात न्यायचं तर तीच टॅक्सी. बोरतळच्या एकाही मशीनची गन त्यांच्या तोंडात बसत नव्हती. घरच्या प्लगवर रात्रभर लावून ठेवावं, तेव्हा कुठे जेमतेम एक खेप होई.

द्वारकाबाईंनी हे पाहिलं आणि ज्यांनी मशीन बनवलं होतं त्यांच्याकडूनच एक जोड मागवला. अडॅप्टर म्हणतात तो. एका अंगाने मशीनची गन आपल्यात घ्यायची आणि दुसऱ्या अंगाने जुन्या गाडीत बसायचं, हे त्याचं काम. चांगला जाडजूड होता. बसला की त्याची कडी लागे, आणि जास्त तापला की तो आपणच वीज तोडी. तालुक्याच्या बाजारात तसले जोड स्वस्तात मिळत होते. द्वारकाबाईंनी तिथला एक हातात घेऊन पाहिला, दाबून पाहिला, आणि काही न बोलता दुकानदाराला परत दिला.

माथ्यावरच्या लक्ष्मण झोरेची टॅक्सी सगळ्यांत जुनी. नवा जोड पहिल्यांदा तिलाच लागला. मशीन गुरगुरायला लागलं तसा लक्ष्मण खूश झाला.

"मावशी, ह्यो तर मध्यस्थ झाला बगा. पोरगी एका गावची, पोरगा एका गावचा, अन् दोनीकडचं ऐकून घेनारा ह्यो."

"मध्यस्थ खोटा निघाला तर दोनी घरं जळत्यात, लक्ष्मणा," द्वारकाबाई म्हणाल्या. "म्हून ह्याला रोज बघाय लागतंय."

तेव्हापासून जोडाचं नाव मध्यस्थ पडलं. रोज सकाळी द्वारकाबाई तो कोरड्या फडक्याने पुसत आणि उजेडाकडे धरून आत डोकावत. गाडी आली की आधी तिच्या तोंडात टॉर्च मारून बघत. धूळ असली तर आधी साफ करायची, मग लावायचं. आणि जोडाला दुसरा जोड कधीच नाही. एकदोघांनी 'मावशी, हा एवढासा तुकडा मधे घालू का' असं विचारून पाहिलं होतं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

टॅक्सीवाल्यांच्या दिवसाच्या खेपा वाढल्या. वाड्यांवरची माणसं वेळेवर बाजारात आणि वेळेवर घरी पोचू लागली. जांभळीखाली पोचे पडलेल्या टॅक्सींची रांग लागे आणि खाणावळीत चहावर चहा होई.

अशात एके दिवशी एका मोठ्या प्रवासी कंपनीचे मॅनेजर प्रभुदेसाई साहेब खाणावळीत जेवायला आले. झुणका-भाकरी खाऊन, हात धुऊन त्यांनी मुद्द्याला हात घातला. कंपनीच्या विजेच्या व्हॅन आता रोज घाटमाथ्यावर जाणार होत्या. त्यांना पायथ्याशी थांबायला आणि चार्जिंगला एक ठिकाण हवं होतं. व्हॅन तिथे थांबणार म्हणजे प्रवासी तिथेच जेवणार. जास्तीची मशीनं कंपनी बसवून देणार. काम वर्षानुवर्षांचं होतं.

चुलीपाशी बसलेल्या अलकाचा, द्वारकाबाईंच्या सुनेचा, हात पिठातच थांबला.

"अट एकच आहे," साहेब म्हणाले. "आमच्या गाड्यांना ताटकळायला लागता कामा नये. त्या मोडक्या टॅक्सी इथे नकोत. तुमचा तो जोड काढून टाका, म्हणजे त्या आपोआप यायच्या बंद होतील. फक्त नव्या तोंडाच्या गाड्या ठेवा. साइट कशी स्वच्छ दिसली पाहिजे."

"अन् त्या कुठं जातील?"

"तो आपला प्रश्न नाही, बाई. उद्या सकाळी मला उत्तर द्या."

साहेब गेले आणि अलका उठली. अलका वाईट नव्हती. खाणावळीचे पत्रे गळत होते, आणि पोरांना तालुक्याच्या चांगल्या शाळेत घालायचं तिने मनात धरलं होतं.

"आत्या, हो म्हना. अशी संधी काय रोज दारात येती व्हय? टॅक्सीवालं एक च्या पितेत अन् दुपारभर बसतेत."

सुनेचं खोटं नव्हतं, हेच अवघड होतं.

बोरतळसारख्या गावात बातमीला चार्जिंग लागत नाही. संध्याकाळच्या आत ती माथ्यावर पोचली आणि लक्ष्मण खाली आला. त्याने गाडी मशीनला लावलीच नाही. खाणावळीत येऊन, टोपी काढून उभा राहिला.

"मावशी, त्या सायबास्नी हो म्हना. आमी काय, पयल्यासारकी घरच्या प्लगवर लावू. आमच्यापायी तुमची चूल बारकी नगं ऱ्हायला."

एवढं बोलून त्याने मान खाली घातली. गेल्याच महिन्यात त्याने एका अडलेल्या बाईला वेळेत दवाखान्यात पोचवलं होतं. बाई वाचली, मूल वाचलं. बॅटरी भरलेली नसती तर काय झालं असतं, हे त्यालाही माहीत होतं आणि द्वारकाबाईंनाही. द्वारकाबाईंना भरून आलं. ज्याचं सगळं जाणार होतं, तोच आपल्या तोंडाने 'द्या सोडून' म्हणत होता. त्यांनी पदराने डोळे टिपले, त्याच्यापुढे ताट सरकवलं आणि त्यात गरम भाकरी टाकली.

"न्हाई मावशी, भूक न्हाई. मी काय म्हनतो..."

"गप जेव," द्वारकाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रभुदेसाई साहेब उत्तर घ्यायला आले.

"साहेब, तुमच्या गाड्या आनंदानं येऊ द्यात," द्वारकाबाई म्हणाल्या. "त्यांचीबी तोंडं बघून मी लावीन. पन थोरला पाहुना आला म्हून धाकल्याला दारातनं हाकलायचं, ही आमच्यात रीत न्हाई. मध्यस्थ हितंच ऱ्हाईल."

साहेबांनी खांदे उडवले आणि ते रस्ता ओलांडून समोर गेले. हैबतरावांनी साहेबांचं वाक्य पुरं व्हायच्या आत होकार देऊन टाकला. दोन दिवसांत त्यांच्या छपराखाली मोठा फलक लागला: 'फक्त नव्या तोंडाच्या गाड्या. बाकीच्यांनी पुढे जावे.' फलक वाचून टॅक्सीवाले पुढे जात, म्हणजे रस्त्याच्या या बाजूला येत.

"वहिनी, तुमी जू सांभाळत बसा," हैबतरावांनी पलीकडून हाळी दिली. "काळ फुडं गेला!"

"काळ गेला आसंल, भावजी," द्वारकाबाई म्हणाल्या. "पन घाट हितंच हाय."

बोलायला हे ठीक होतं. पुढचे दिवस वाईट गेले. कंपनीचं नाव लागल्यावर इतर नव्या गाड्याही निळ्या दिव्यांकडेच वळू लागल्या. द्वारकाबाईंकडे टॅक्सी तेवढ्या उरल्या. पावसाळ्यात पत्रे पहिल्यापेक्षा जास्त गळले. परातीत मळलेलं पीठ संध्याकाळी तसंच उरे, आणि अलका काही बोलत नसे, तेच द्वारकाबाईंना जास्त लागे. असंच चाललं तर दिवाळीनंतर चूल पेटेल का, याची खात्री राहिली नव्हती. मध्यस्थ मात्र रोज सकाळी पुसला जात होता.

शेवटी कंपनीच्या घाटावरच्या फेऱ्यांच्या उद्घाटनाचा दिवस आला. माथ्यावर मांडव पडला. वाड्यांवरची झाडून सगळी माणसं जमली. लेझीमचा ताफा सकाळपासून तयार होता. कंपनीच्या मालकीणबाई स्वतः पहिल्या व्हॅनमधून येऊन फीत कापणार होत्या.

इकडे प्रभुदेसाई साहेबांची मात्र पंचाईत झाली होती. नव्या व्हॅन वेळेवर आल्याच नाहीत. उद्घाटन तर पुढे ढकलता येत नव्हतं. साहेबांनी दुसऱ्या शहरातल्या आपल्या डेपोतून जुन्या व्हॅन मागवल्या, घाईघाईने सगळ्यांना झकास पिवळा रंग मारला, दारांवर कंपनीचं नाव काढलं, आरशांना झेंडूच्या माळा घातल्या. बाहेरून बघून या व्हॅन जुन्या आहेत, हे ब्रह्मदेवालाही ओळखता आलं नसतं. रंग सगळ्यांचा पाहिला, तोंड मात्र एकीचंही कुणी पाहिलं नाही.

भर दुपारी पिवळ्या व्हॅनची रांग वाजतगाजत बोरतळात आली आणि हैबतरावांच्या छपराखाली उभी राहिली. लांबून आल्या होत्या, बॅटऱ्या तळाला गेल्या होत्या. हैबतरावांनी फेटा बांधला होता. पहिली गन त्यांनी स्वतःच्या हाताने उचलली आणि मालकीणबाईंच्या व्हॅनला लावायला गेले. गन बसेना. त्यांनी ढकलली, हिसडली, उलटी करून पाहिली. वाजंत्री वाजत होती ती हळूहळू थांबली.

"बसत कशी नाही?" साहेबांनी विचारलं. मग त्यांनी वाकून तोंड पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. ते जुनं तोंड होतं. सगळ्याच व्हॅनची तोंडं जुनी होती.

"काळजीच नगं," हैबतराव म्हणाले. "आपल्याकडं समद्याची सोय हाय."

त्यांनी खणातून बाजारातला एक जोड काढला. तो गनला लागला, पण व्हॅनला लागेना. मग त्यांनी दुसरा काढला. तो व्हॅनला लागला, पण गनला लागेना. हैबतरावांनी क्षणभर विचार केला आणि दोन्ही एकमेकांत घातले. दोन तोंडांच्या मधे दोन जोड लोंबू लागले.

रस्त्यापलीकडून द्वारकाबाईंनी हे पाहिलं. त्या हातातलं पीठ न झटकता धावत आल्या.

"भावजी, जोडाला जोड लावू नगा! नाड्याला नाडा हाय त्यो!"

"वहिनी, तुमी आपल्या भाकऱ्या बघा," हैबतराव म्हणाले आणि त्यांनी मशीन चालू केलं.

मशीन चालू झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हैबतरावांनी मिशीवरून हात फिरवला. थोड्या वेळाने कुणीतरी नाक वर करून विचारलं, "कसला वास येतोय?" आणि तोवर जोडांमधून धूर यायला लागला होता. प्लास्टिक वितळून थेंब थेंब गळलं. "उतरा, उतरा," असा गलका झाला. एक मोठा आवाज आला आणि छपराखालची सगळी मशीनं एकदम गप्प झाली. निळे दिवे विझले. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही, पण व्हॅनचं तोंड जळून काळं पडलं होतं.

मालकीणबाई उन्हात उभ्या होत्या. पाहुणे उन्हात उभे होते. माथ्यावर सगळा मुलूख वाट बघत होता. प्रभुदेसाई साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. समोर जांभळीखाली लक्ष्मणची जुनी टॅक्सी शांतपणे चार्ज होत होती, आणि तिच्या तोंडात मध्यस्थ बसलेला होता.

रस्ता काही मोठा नव्हता, पण साहेबांना तो ओलांडायला बराच वेळ लागला.

"बाई," ते म्हणाले, "तुमचा तो जोड... आमच्या गाड्यांना चालेल?"

"तोंड बघून सांगते," द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांनी टॉर्च घेतला, पिवळ्या व्हॅनपाशी जाऊन एकेकीच्या तोंडात पाहिलं आणि परत आल्या. "चालंल. ती जळालेली सोडून समद्यास्नी चालंल."

साहेबांचा जीव भांड्यात पडला. "मग ही टॅक्सी काढा आणि आमची पहिली लावा. फार घाई आहे."

टॅक्सीत मागच्या सीटवर एक बाळंतीण बसली होती. कुशीत इवलं बाळ. दवाखान्यातून घरी निघाली होती. तरीही लक्ष्मण जोड काढायला पुढे झाला.

"हात लावू नगंस," द्वारकाबाई म्हणाल्या. "आधी आला त्यो आधी. साहेब, हिची भरू द्या, मग तुमच्या. तवर तुमची मानसं उन्हात कशापायी? आना त्यास्नी सावलीत."

अलकाने सासूला बाजूला ओढलं. तिच्या डोळ्यांत इतक्या महिन्यांचा राग होता. "आत्या, आता अट आपुन घालायची. नाक घासू दे त्यास्नी."

"पाहुन्याला उपाशी ठिवून अट घालायची न्हाई," द्वारकाबाई म्हणाल्या. "तवा ठेव."

अलकाने एकदा सासूकडे पाहिलं, एकदा उन्हात उभ्या असलेल्या म्हाताऱ्या मालकीणबाईंकडे पाहिलं, आणि तवा ठेवला. मग काय विचारता! कितीतरी दिवसांनी खाणावळ गच्च भरली. वाजंत्रीवाले जेवले, पाहुणे जेवले, साहेबांनी आपल्या हाताने पाणी वाढलं. उंबऱ्यापर्यंत पंगत बसली. पीठ संपलं, पुन्हा मळलं. मालकीणबाईंची नजर भिंतीवरच्या जुवाकडे गेली. ही एवढी भोकं कशाला, असं त्यांनी विचारलं, आणि द्वारकाबाईंनी भाकरी थापता थापता सगळं सांगितलं. मालकीणबाई ऐकत राहिल्या. साहेब मान खाली घालून जेवत राहिले.

लक्ष्मणची टॅक्सी भरली, पण बाळंतिणीला ऊन उतरल्यावरच वर न्यायचं ठरलं. मग एकेक पिवळी व्हॅन जांभळीखाली आली. घाट चढण्यापुरती भरायची आणि पुढचीला जागा करायची. मध्यस्थ या तोंडातून त्या तोंडात गेला आणि प्रत्येक वेळी द्वारकाबाईंनी आधी टॉर्च मारला, फडकं फिरवलं, हात ठेवून तापलाय का ते पाहिलं. शेवटी जळक्या तोंडाची व्हॅन राहिली. ती मालकीणबाईंची होती.

"जरा पुसून, थोडीशीच भरा ना," साहेबांनी विनवलं. "मालकीणबाई कशात बसणार?"

"जळाल्या तोंडाला मध्यस्थ लावनार न्हाई. देवाची गाडी आली तरी न्हाई."

साहेब पुढे काही बोलणार, तोच लक्ष्मणने आपल्या टॅक्सीचं पुढचं दार उघडलं. ते जरा जोर लावूनच उघडावं लागे.

"बाईसाहेब, माझ्या गाडीत बसा. पत्रा जुना हाय, पन घाट तिला पाठ हाय."

मालकीणबाई मनापासून हसल्या आणि बसल्या. बसता बसता त्यांनी द्वारकाबाईंचा हात धरला. "तुम्हीही चला."

"आवं, चुलीवर आमटी हाय. अन् हितं मध्यस्थाकडं कोन बघंल?"

"मी बघते," अलका म्हणाली. फडकं तिने आधीच खांद्यावर टाकलं होतं. "तोंड बघून लावीन, आत्या. जावा तुमी."

असा तो ताफा निघाला. सगळ्यांत पुढे लक्ष्मणची पोचे पडलेली टॅक्सी. तिच्यात पुढे मालकीणबाई, मागे बाळंतीण, बाळ आणि पीठ लागलेल्या हातांनी बसलेल्या द्वारकाबाई. मागून झेंडूच्या माळा घातलेल्या पिवळ्या व्हॅन. वाजंत्री घाटभर वाजत होती. एकाही वळणावर एकही गाडी अडली नाही. माथ्यावरच्या लोकांनी लांबून पाहिलं, तर पुढे आपलीच टॅक्सी! एकच जल्लोष झाला. लेझीम घुमली, पोरं दगडांवर चढून ओरडली, आणि बाळंतिणीची सासू नातवाला बघून आधी रडली आणि मग तीही नाचणाऱ्यांत शिरली.

मालकीणबाईंनी कात्री हातात घेतली आणि ती सरळ द्वारकाबाईंच्या हातात दिली. द्वारकाबाई कधी मांडवात उभ्या राहिलेल्या नव्हत्या, पण कापायचं काम त्यांना नवं नव्हतं. कोथिंबिरीची जुडी चिरावी तशी त्यांनी फीत कचकन कापली.

"आमची अट बदलली आहे," मालकीणबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं. "आमच्या गाड्या बोरतळात घोलपबाईंकडे थांबतील. त्यांचा जोड तिथेच राहील आणि टॅक्सींची रांगही राहील. यापुढे ज्याच्याकडे चांगला तपासलेला जोड नसेल, त्याच्याकडे आमची गाडी थांबणार नाही. आणि प्रभुदेसाई, यापुढे गाडीला रंग मारण्याआधी तिचं तोंड बघत जा."

साहेबही हसले. न हसून सांगतात कुणाला!

जांभळीखाली नवी मशीनं बसली. पत्रे बदलले. पोरं तालुक्याच्या शाळेत जाऊ लागली. मशीनं बनवणाऱ्यांकडून आणखी मध्यस्थ आले, आणि ते सकाळी पुसायचं काम अलकाने कुणाला दिलं नाही. एवढं होऊनही व्हॅन इतक्या येऊ लागल्या की एका अंगणात मावेनात. तेव्हा द्वारकाबाई स्वतः रस्ता ओलांडून हैबतरावांकडे गेल्या. हैबतराव काळोख्या छपराखाली एकटेच बसले होते. त्यांचं ते मोठ्याने हसणं कित्येक दिवसांत गावाने ऐकलं नव्हतं.

"भावजी, मशीनं दुरुस्त करून घ्या. निम्म्या गाड्या तुमच्याकडं लावू. पन मध्यस्थ चांगला आना, अन् त्यो फलक काढा."

हैबतराव उठून उभे राहिले. "वहिनी, तुमी मला हाक मारली व्हती. मी ऐकली न्हाई."

"आता ऐकलीसा न्हवं? झालं तर मग."

त्याच दिवशी फलक उतरला. पुढच्या पोळ्याला द्वारकाबाईंनी जू खिळ्यावरून खाली काढलं, तर तेलाची वाटी घेऊन हैबतराव आधीच अंगणात येऊन उभे होते. सगळ्या टॅक्सी आणि सगळ्या व्हॅन त्या दिवशी हार घालून जांभळीखाली एका रांगेत लागल्या. आणि हैबतराव एकेका भोकात बोट घालून तेल लावत, पोरांना मोठ्याने सांगत होते, "ही शिवळंची भोकं. मान बगायची, मग शिवळ घालायची. कळलं का रं?"

तात्पर्य: धाकट्या पाहुण्यासाठी जो आपलं दार उघडं ठेवतो, त्याच्या दारातून एक दिवस थोरलाही आत येतो, मात्र दोघांना जोडणारा दुवा अस्सल हवा, वेळ मारून नेणारी गाठ चढावर टिकत नाही.